खिशातलं घड्याळ

रोशनची पँट भिजवायला टाकण्याआधी खिसे चाचपले, तर घड्याळ हाताला लागलं. चालू होतं. साखळी नीट मिटलेली, कडी बसवलेली, काचेवर ओरखडा नाही. पँटच्या गुडघ्यावर माती, खाली पायाशी रक्ताचा एक डाग वाळून तपकिरी झालेला, आणि घड्याळ मात्र दुकानातल्या कपाटातून आत्ताच काढावं असं. हे मागे उभे होते. म्हणाले, "बरं झालं. घड्याळ तरी वाचलं." मी हो म्हटलं. बादलीत पावडर टाकली, हातानं फेस केला, पँट बुडवली, ती फुगून वर आली, पुन्हा बुडवली. पण काहीतरी रुतून बसलं होतं. मारामारीत मनगटावरचं घड्याळ सुटतं, पडतं, कुणाच्या तरी पायाखाली जातं. ते आपणहून खिशात जाऊन झोपत नाही. खिशात त्याला कुणीतरी ठेवावं लागतं, आणि कडी मिटून ठेवायची तर त्या आधी हात थंड असावा लागतो. मी घड्याळ पदराला पुसलं आणि डब्यात ठेवावं म्हणून आत गेले, आणि डाळीच्या डब्यासमोर किती वेळ उभी राहिले कोण जाणे, कारण हे बाहेरून ओरडले की दूध उतू गेलं.

झालं होतं ते आता सगळ्या शहापूरला ठाऊक होतं. एस.टी. स्टँडच्या मागे नवशाचं गेमचं दुकान आहे, दोन मशिनी, नाणं टाकायचं आणि मारामारी करायची. तिथं सोमवारी कॉलेज सुटल्यावर आमच्या रोशननं प्रशांतला मारलं. प्रशांत म्हणजे वाशिंदचा, पहिलीपासून नसला तरी आठवीपासून एका बाकावरचा, आमच्या घरी येऊन दोनदा वरण मागून घेणारा. एकच फटका. प्रशांत पायरीवर पडला, डोक्याला खोक पडली, आणि डाव्या कानातून रक्त आलं. कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, ऐकू येईल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही. त्याच संध्याकाळी ह्यांनी रोशनला मुरबाडला माझ्या भावाकडे पोचवलं. मंगळवारी पेपरात चार ओळी आल्या, गेमच्या वेडातून विद्यार्थ्याला मारहाण. खाली लिहिलं होतं की परदेशात एका शाळेत पोरांनी गोळ्या झाडल्या, तीही असलेच गेम खेळायची. हे ती बातमी मोठ्यानं वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज मोकळा होत गेला, ताप उतरताना माणसाचा होतो तसा. "बघ," म्हणाले, "अमेरिकेत सुद्धा." जणू अमेरिका आमची लांबची नातेवाईक आणि तिच्याही घरी तेच दुखणं निघालं.

मग सगळ्यांनीच ते धरलं. कॉलेजचे सर म्हणाले, पोलीस केस नको, शनिवारी दोन्ही घरांना बोलवतो, गेममुळे घडलं असं सगळ्यांनी म्हणू, पोरानं माफी मागायची, दुकान बंद करायचं, विषय संपला, पोरगं मार्चमध्ये बारावीला बसेल. हवालदारालाही ते बरं पडत होतं. कॉलनीतल्या बायका मला बघून च्यक् च्यक् करायच्या, पण त्यात राग नव्हता. रोशनला काहीतरी चावलं होतं, विंचू चावावा तसं, आणि विंचवाचं घर सापडलं होतं. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी नवशाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या शिव्या घालताना हात चालायचे, भाकऱ्या गोल व्हायच्या. आणि मग बुधवारी ते घड्याळ सापडलं.

रोशनला ते दहावी पास झाल्यावर ह्यांनी घेऊन दिलं होतं. स्टीलचं, साखळीचं, अगदी ह्यांच्यासारखं. ह्यांचं ते माझ्या बापानं लग्नात दिलेलं. माझ्या बापाकडे द्यायला फार नव्हतं, पण जावई धरणावर नोकरीला, सरकारी वेळेवर चालणारा माणूस, त्याला घड्याळ हवं म्हणून त्यानं मोहाची फुलं, हिरडे, काय काय विकून ते आणलं. हे त्याला जपतात. आंघोळीला काढतात, रुमालावर ठेवतात. ह्यांचं नाव भगीरथ आणि नोकरी पाणी सोडायची, त्यावर कॉलनीत सगळ्यांनी एकेकदा विनोद करून घेतलाय. साधा माणूस. कुंडीतल्या मिरच्यांना नाव घेऊन पाणी घालेल. रोशनला बुटाची नाडी बांधायला ह्यांनीच शिकवलं, पायरीवर बसून, तासभर, न चिडता. तोंडात शिवी नाही. सरांसमोरही ते छाती भरून म्हणाले की आमच्या घरात पोराच्या कानावर कधी वाईट शब्द पडला नाही, आणि ते अगदी खरं आहे. रागातसुद्धा मला 'अगं'च म्हणायचे.

पहिल्यांदा झालं तेव्हा रोशन पोटात होता. कशावरून ते आठवत नाही. भाताला वास लागला असेल, नाहीतर मी हसले असेन. तेव्हा मी फार हसायचे. ह्यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला, मी हात वर केला, आणि माझी काचेची बांगडी त्यांच्या मनगटावर बसली. बांगडी फुटली आणि घड्याळाच्या काचेला तडा गेला. रडले हेच. त्या काचेसाठी खरंच डोळ्यांत पाणी आलं होतं, तुझ्या बापाची आठवण गं, म्हणाले. कल्याणला जाऊन काच बदलून आणली, येताना माझ्यासाठी खाजा आणला. त्यानंतर मात्र चूक केली नाही. आधी घड्याळ काढायचे. अंगठ्यानं कडी उचलायची, कट्. साखळी पालथी करायची, कडी पुन्हा मिटायची, खिशात ठेवायचं. मग वळायचे. धरणाची दारं उघडण्याआधी खालच्या गावांना भोंगा देतात, लोकांनी गुरं काढावीत, कपडे उचलावेत म्हणून. आमच्या घरी भोंगा एवढासाच होता.

तो भोंगा रोशनलाही ऐकू यायचा. चार-पाच वर्षांचा होता. अभ्यासाचं सोंग करून पाटी घेऊन बसलेला असायचा, आणि ती कडी वाजली की पाटीवरून मान न उचलता विचारायचा, "बाबा, किती वाजले?" त्या वयात त्याला घड्याळ कळत नव्हतं. पण बाबांना वेळ सांगायची असली तर घड्याळ पुन्हा हातात घ्यावं लागतं, बघावं लागतं, आणि एकदा बघितलं की कधीकधी त्यांना नोकरी आठवायची, पाळी आठवायची, ते घड्याळ चढवून बाहेर पडायचे. कधीकधी. नेहमी नाही. मला तेव्हा वाटायचं, पोराला वेळेचं किती वेड. बायकांना मी कौतुकानं सांगायचे सुद्धा.

आता सारं थांबलं होतं. रोशन ह्यांच्या खांद्याला लागला आणि ह्यांचं घड्याळ हातावरच राहू लागलं. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. एखादी कूपनलिका आटते, माणसं दुसरीकडून पाणी आणू लागतात, तसं. मी समजले, संपलं. भिंतीत मुरलेलं पाणी दिसत नाही, एवढंच.

नवशाकडे गुरुवारी गेले. भाजी आणते सांगून निघाले आणि स्टँडच्या मागे वळले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले तर दुकानात कोणी नाही, आणि तरी मारामारी चाललेली. मशीन चालू ठेवलं की आतली दोन माणसं आपापली भांडत राहतात, कोणी नाणं टाको न टाको. एक पडला, लुकलुकला, उठला. पुन्हा पडला. आवाज असा की माझ्या डाव्या कानात बारा महिने जो सूं असतो त्याला साथ द्यावी. नवशा स्टुलावर पेरू खात होता.

"या वहिनी," म्हणाला. "शटर पाडायच्या आदी बघून घ्या म्युझियम."

"शिव्या द्यायला नाय आले रे."

"द्या की. सगळे देतात. काल एक बाई आली, तिचा नवरा दारू पितो तो बी माज्या मशिनीमुळं. मी म्हटलं, बाई, मी यिऊन दोन वर्सं झाली, तो पितोय वीस वर्सं. तर म्हनते, पन आता जास्त पितो."

मला हसू आलं. हसू आलं याचाच राग आला. त्याला विचारलं, रोशननं घड्याळ कधी काढलं. नवशानं पेरू खाली ठेवला.

"तुमाला कोनी सांगितलं? मी कोनालाच बोललो नाय. कोन विचारतंय." तो उठून उभा राहिला, जिथं रोशन उभा होता तिथं. "परशांत हसला त्याला. बटनं दाबता येत नाय म्हनून. तसे रोजच हसायचे एकमेकाला. रोशन उटला, काय बोलला नाय. घड्याळ काढलं, कडी लावली, खिशात घातलं. मला वाटलं हा आता हात धुवाया चालला. जेवाया बसताना मानूस काढतो ना, तसं. मग डाव्या हातानं त्याचा दंड धरला, आन्..." नवशानं स्वतःच्याच गालाला हळूच हात लावला, "एकच. मंग उबा ऱ्हायला बघत."

"काय बघत?"

"परशांत उटंल म्हनून. मी धावलो, पानी आनलं, तरी हा उबाच. वाट बघत."

तेवढं तरी गेमचं असेल, असं मी तिथल्या तिथं मनात वाटून दिलं. कडी आमची, पण पडलेला उठेल हे त्या लुकलुकणाऱ्या माणसांनी शिकवलं असेल. सगळंच आपल्या पदरात का घ्यावं. नवशानं माझ्यापुढे नाणं धरलं, म्हणाला, खेळून तरी बघा, नायतर शनिवारी काय बोलाल. मी खेळले. खरंच खेळले. दांडा धरला, बटणं दाबली, माझा माणूस नुसताच उड्या मारत राहिला आणि समोरच्यानं त्याला बडव बडव बडवलं. आणि मी काय बघत होते तर त्यांची मनगटं. उघडी होती. कुणी काही काढत नव्हतं, ठेवत नव्हतं, आल्या आल्या मारत होतं. मारून झाल्यावर कुणी कुणाला खाजा आणत नव्हतं. फार भाबडी माणसं वाटली मला ती. "वहिनी, तुमी मेलात," नवशा म्हणाला. "लाइफ संपली." मी म्हटलं, बरं.

दवाखान्यात मंगळवारीच जाऊन आले होते, ह्यांच्याबरोबर. हे बाहेर प्रशांतच्या वडलांशी बोलत राहिले, मी आत गेले. प्रशांतची आई सुंदरा खाटेशी बसली होती, बारीक, काळी, डोळ्यांखाली अख्ख्या रात्रीची झोप साचलेली. माझ्याशी भांडेल वाटलं होतं. तिनं स्टूल सरकवलं. प्रशांत मला बघून हसायचा प्रयत्न करत होता. मी काय बोलले ते त्याला कळलं नाही, आणि त्यानं मान वळवली, जरा तिरकी, उजवा कान पुढे आणत. चिमणी माणसाकडे बघताना वळवते तशी. ती मान माझी आहे. ती मान मी सोळा वर्षं वळवतेय. माझ्या नकळत मी त्याच्या उजव्या अंगाला जाऊन बसले आणि सांगू लागले, बाळा, बसमध्ये बसशील तर डावीकडच्या खिडकीला बस, म्हणजे शेजारचा माणूस उजव्या कानाला येतो. वर्गात डाव्या भिंतीला बस. आणि रात्री आवाज नको झाला की उजव्या कुशीवर झोप, जग बंद होतं, त्याचा फायदा आहे. प्रशांत लक्ष देऊन ऐकत होता. सुंदरा माझ्याकडे बघत होती.

"तुमाला कसं ठाऊक ह्ये?" तिनं विचारलं.

"आपलं असंच," मी म्हटलं, आणि केळी पुढे केली.

मुरबाडला जायला शुक्रवारी निघाले. शहापूरहून किन्हवली, सरळगाव, जीप बदलत. डावीकडच्या खिडकीला बसले. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती खुंटं, त्यात बगळे. शेजारी एक म्हातारी बसली होती, ती विचारत होती कुठं चाललीस गो, मी म्हटलं पोराला बघायला, ती म्हणाली आजारी हाय का, मी म्हटलं हो. मग वाटलं, सगळे तर हेच म्हणतात. रोग बाहेरून येतो, रोगाचं नाव पेपरात छापून येतं, औषध म्हणजे शटर पाडायचं. उद्या मी काही बोलले नाही तर रोशन सुटतो. माफी मागेल, बारावीला बसेल, ह्यांच्या ओळखीनं धरणावर नाहीतर कारखान्यात लागेल, मग आम्ही मुलगी बघू. ती येईल. तिच्या हातांत बांगड्या असतील. इथं माझा विचार येऊन थांबायचा आणि जीपच्या प्रत्येक धक्क्याला पुन्हा मागून सुरू व्हायचा. आणि बोलले तर? बोलले तर सरांचं जुळवलेलं सगळं विस्कटतं, हवालदाराला पुन्हा लिहायला बसावं लागतं, रोशनचं वर्ष जातं, ह्यांना कॉलनीत मान वर करता येत नाही. आणि मी कुठं जाते? चौथीतून काढलेली बाई मी. रोशनची पुस्तकं त्याच्या आधी वाचून वाचून शिकले, तो पाचवीत गेला तेव्हा मी पाचवीत गेले, दहावीचं बीजगणित मला त्याच्यापेक्षा आधी सुटायचं. पण त्याचा दाखला कोण देतो.

रोशन खळ्यावर होता. माझा भाऊ गोमा, त्याच्याबरोबर भात झोडत होता, पेंढी दोन हातांनी उचलून फळीवर आपटायची, दाणा खाली, पेंढा मागे. अंगाला भुसा चिकटलेला. उघड्या मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा उठून दिसत होता. पेंढी वर गेली की तो पट्टा वर जायचा, खाली आली की खाली. गोमा मला बघून म्हणाला, "ये गो देवकी. तुजा पोरगा बरा हाय कामाला. ह्यालाच ठेव आमच्याकडं, गेमबीम काय ते आपट म्हणावं हितं." आणि पाणी आणायच्या निमित्तानं तो निघून गेला. माझा भाऊ तेवढा शहाणा आहे.

रोशननं पेंढी खाली ठेवली. पहिलं काय विचारलं, तर, "घड्याळ कुठंय माझं?"

"माझ्याकडं हाय."

"धुण्यात नाय ना गेलं?"

हुबेहूब बाप. मी त्याच्या उजवीकडे बसले, मग उठून डावीकडे बसले, म्हणजे तो माझ्या उजव्या कानाला येईल. त्याला याची सवय होती. पोरं आईच्या असल्या गोष्टी कधी विचारत नाहीत, पायऱ्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही तिथं का, तसं.

"का काढलंस रे?"

"काय?"

"घड्याळ. परशांतला मारायच्या आदी."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं, जेवायच्या आधी पान का मांडतोस. "काढायचं असतं ना," म्हणाला. "काच फुटते."

"कशानं फुटते?"

तो सांगायला गेला. तोंड उघडलं, आणि त्याची नजर माझ्या हातांवर आली. दोन हिरव्या, दोन हिरव्या. त्या बांगड्यांकडे तो बघत राहिला, बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू लहान होत गेला. कोंबडी येऊन दाणे टिपू लागली तरी त्यानं हाकलली नाही. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि माझे हात मला उचलवत नव्हते, वाजतील म्हणून.

"पडला तरी तू उबाच ऱ्हायलास म्हणे," मी म्हटलं. मला त्याला काहीतरी परत द्यायचं होतं, निदान तेवढा हिस्सा तरी. "गेममधल्यासारखा उटंल वाटलं असंल."

"नाय," रोशन म्हणाला. "गेममधी काय, तो गेम आहे." मग पेंढीतली काडी मोडत, माझ्याकडे न बघता, "तू उठायचीस ना."

मी उठायचे. खरंच आहे. पदर नीट करायचे, स्टोव्हला पंप मारायचे, चहा ठेवायचे. एकदा तर उठून आधी पोराला विचारलं होतं, भूक लागली का. मला वाटायचं, मी त्याच्यासाठी उठते.

शनिवारी कॉलेजमध्ये सरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून वर्गातला बाक आणला. बाकावर आम्ही बायका, मी उजव्या टोकाला, सुंदरा माझ्या डाव्या अंगाला. समोर हे, प्रशांतचे वडील, दाराशी नवशा, सरांच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ, आणि कोपऱ्यात रोशन, मुरबाडहून सकाळीच आणलेला, शर्ट इस्त्रीचा. प्रशांत घरी होता. सर चांगलं बोलतात. आजची पिढी म्हणाले, पडद्यावरची हिंसा म्हणाले, कोवळी मनं म्हणाले. हवालदार जांभई गिळत होता. नवशा म्हणाला, "सायेब, मशिनी इकतो, चालंल. पन इकल्यावर परत कोनी कोनाला मारला तर मला पत्र टाका." कोणीतरी हसलं. प्रशांतचे वडील म्हणाले, आमाला कोनाचं वाईट करायचं नाय, पोराचा कान परत येत असंल तर बोला. ह्यांनी हात जोडले. ह्यांचा आवाज खरोखर भरून आला होता, "माझ्या पोराला त्या गेमनं खाल्लं, दादा. माझ्या घरचं हे वळण नाही." सुंदरा मधूनमधून माझ्याशी काहीतरी बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं. डाव्या बाजूनं नुसता वाऱ्यासारखा गरम श्वास लागत होता, आणि मी आपली मान हलवत होते.

"ताई, तुम्हाला काही म्हणायचंय?" सरांनी विचारलं. म्हणायचं काही नसतं हे धरून विचारतात तसं. त्यांचा हात टेबलावरचे कागद सारखे करायला गेलासुद्धा.

मी घड्याळ पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. गाठ सोडवताना बोटं चुकली, वेळ लागला. सगळे थांबले. मी ते टेबलावर ठेवलं.

"सर, घड्याळ कुठल्या गेममधी काढतात?"

"म्हणजे?"

"मारायच्या आदी. नवशाला विचारा. रोशननं हे काढलं, कडी लावली, खिशात ठेवलं. मी गेम खेळून बघितला सर. त्यात कोनी घड्याळ काढत नाय." माझा आवाज मलाच परका लागत होता, एकाच कानानं ऐकलेला आवाज आपला वाटत नाही. "काढतात ते बांगड्या लागून काच फुटू नये म्हनून. परशांतच्या हातात बांगड्या नव्हत्या."

कुणालाच लगेच कळलं नाही. सर घड्याळाकडे बघत होते, हवालदार माझ्याकडे. मला वाटलं, आता समजावून सांगावं लागणार. ह्यांना मात्र कळलं होतं. ह्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "अगं," म्हणाले. फक्त एवढंच. आणि त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. त्यांना ठाऊक नसावं की तो जातोय. श्वास घेतो माणूस, तसा गेला. अंगठा कडीखाली.

कट्.

एवढासा आवाज, पण त्या खोलीत तो माझ्या मेलेल्या कानातही वाजला. आणि कोपऱ्यातून, जमिनीवरून मान न उचलता, सतरा वर्षांच्या घोगऱ्या आवाजात रोशन म्हणाला,

"बाबा, किती वाजले?"

भिंतीवर एवढं मोठं घड्याळ होतं. सगळ्यांनी आधी तिकडे बघितलं, मग रोशनकडे, मग तो बघत नव्हता तिकडे, ह्यांच्या हातांकडे. साखळी सुटून तळहातावर आली होती. माझ्या बापानं दिलेली. ह्यांनी घड्याळात बघितलं, लहानपणी त्याच्यासाठी बघायचे तसंच, सवयीनं, आणि वेळ सांगायला तोंड उघडलं, आणि ती त्यांना वाचता येईना. कडी पुन्हा लावायची, की खिशात ठेवायचं, की टेबलावर रोशनच्या घड्याळाशेजारी ठेवायचं, ते त्यांना उमगत नव्हतं. ते तसेच धरून उभे राहिले. मला त्यांची दया आली. ती येणारच होती, तिची आणि माझी जुनी ओळख आहे. या वेळेला मी तिला बाहेरच बसवलं.

सर खाकरले. हवालदार टोपी शोधू लागला, जी त्याच्या मांडीवरच होती. मी बाकावर बसले. डाव्या अंगाला तो गरम श्वास पुन्हा लागला. सुंदरा काहीतरी विचारत होती. मी मान हलवली, नेहमीसारखी.

तशी ती थांबली. उठली. मला वाटलं चालली. ती बाकाला वळसा घालून आली, हवालदाराला म्हणाली जरा सरका हो, त्याची खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला लावली, आणि गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"आता सांगा," म्हणाली. "पयल्यापास्नं."